सही कुणाची आणि मोजणी कशाची?

आमच्या बीड-अंबाजोगाईकडे ऑपरेशन ठरलं की पहिला प्रश्न येतो, "सही कोण करणार?" मग भाऊ, दीर, नाहीतर जरा शिकलेला भाचा पुढे होतो. त्याच फायलीत आणखी एक कागद असतो, पण त्यावर आपली सही नसते म्हणून तो कुणी बघत नाही. लोकांच्या लेखी दोन्ही 'ऑपरेशनचे कागद'च. पहिला संमतीपत्र, दुसरा शस्त्रक्रिया सुरक्षेची चेकलिस्ट.

संमतीपत्रात प्रश्न एकच असतो: हे ऑपरेशन करायचं का? त्याचं उत्तर पेशंटनंच द्यायचं. दिल्लीतल्या एका बाईला भूल देऊन दुर्बिणीनं तपासलं आणि ती बेशुद्ध असतानाच आईची संमती घेऊन गर्भपिशवी काढली. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये ही संमती ग्राह्य धरली नाही. बाई सज्ञान होती आणि लगेच जिवाला धोकाही नव्हता. म्हणजे शुद्धीतल्या बाईऐवजी दिराची सही चालते, ही नुसती आपली सवय आहे.

चेकलिस्ट 'का' विचारत नाही. ठरलेलं काम चुकू नये, एवढंच ती बघते. जागतिक आरोग्य संघटनेनं ती त्याच २००८ साली आणली. तिच्यात १९ मुद्दे आणि तीन थांबे आहेत. भूल देण्याआधी नाव, बाजू, ॲलर्जी (आणि संमती घेतली का, हेही). चिरा देण्याआधी सगळ्यांनी क्षणभर थांबायचं: पेशंट कोण, ऑपरेशन कुठलं, अँटिबायोटिक गेल्या ६० मिनिटांत दिलं का, रक्त किती जाईल. पेशंट ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, हलवण्याआधी मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे), सुया, अवजारं मोजायची. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं, असं २००९ मध्ये छापून आलं. अर्थात, ती मोठ्यानं वाचली तरच उपयोग. ऑपरेशननंतर चहा पिता पिता मारलेल्या टिका कुणालाच वाचवत नाहीत.

एका कागदानं दुसऱ्याचं काम होत नाही, हे बीडइतकं कुठं दिसलं नसेल. २०१९ मध्ये सरकारी समितीनं ऊसतोडीच्या ८२,३०९ बायकांची माहिती घेतली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. अशा ऑपरेशनात मॉप अगदी बरोबर मोजले गेले असतील, टाकेही नीट पडले असतील. पण पिशवी काढायची गरज होती का, आणि ते तिला कळेल अशा भाषेत कुणी सांगितलं का, हे चेकलिस्टच्या एकाही रकान्यात उतरत नाही.

अपघातात उलटं होतं. रस्त्यावरून उचलून आणलेला बेशुद्ध माणूस, बरोबर कुणी नाही, पोटात रक्तस्राव. जीव वाचवण्यासाठी डॉक्टर सहीची वाट न बघता ऑपरेशन करू शकतात, कायदा आड येत नाही. मोजणी मात्र रात्री तीन वाजताही करावीच लागते, कारण घाईतच मॉप पोटात राहतो.

आणि ओटीच्या दारात सिस्टरनं तिसऱ्यांदा नाव आणि कुठला पाय विचारला, तर "फायलीत लिहिलंय की" म्हणून वैतागू नका. ती फायलीला नाही, तुम्हाला विचारतेय.