ज्ञानमीमांसा आणि अनुभवजन्य विज्ञान

ज्ञान कशाला म्हणावे आणि ते खरे मानायला आधार कोणता, याचा विचार म्हणजे ज्ञानमीमांसा. निरीक्षण, मोजमाप आणि प्रयोग यांतून जगाची माहिती मिळवते ते अनुभवजन्य विज्ञान. ज्ञानमीमांसा विज्ञानाला बाहेरून परवाना देते, असे मानण्याची रीत आहे. खरे तर तिचे प्रश्न मोजमापातच दडलेले असतात. गोव्यातल्या मांडवी नदीच्या पाण्याची क्षारता मोजताना हे स्पष्ट दिसते.

भारतीय तत्त्वज्ञानातले न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द ही चार प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, मानते. पाणी जिभेला खारट लागते, हे प्रत्यक्ष. क्षारतामापक मीठ पाहत नाही. पाण्याची विद्युतवाहकता मोजून तो क्षारतेचे अनुमान करतो. त्यामागची व्याप्ती, म्हणजे अनुमानाला आधार देणारा कायमचा संबंध, अशी, की क्षार वाढले की वाहकता वाढते. व्याप्ती ज्या लपलेल्या अटीवर टेकलेली असते तिला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अभ्यासक, उपाधी म्हणतात. विस्तवावरून धुराचे अनुमान फसते, कारण धुराला ओले सरपण लागते. इथले ओले सरपण म्हणजे तापमान. ते १ अंश सेल्सिअसने चढले की वाहकता सुमारे २ टक्के वाढते. ५ अंशांची दुरुस्ती राहून गेली तर पाणी आहे त्याहून जास्त खारट ठरते.

१९७८ च्या व्यावहारिक क्षारता मापश्रेणीचा आधार पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण हा आहे: दर किलो द्रावणात ३२.४३५६ ग्रॅम. १५ अंश सेल्सिअसला, १ वातावरण दाबाखाली, ज्या समुद्रजलाची वाहकता त्याच्याइतकी भरते त्याची क्षारता ३५. ही श्रेणी २ ते ४२ पर्यंतच चालते. पावसाळ्यात मांडवीचे वरच्या अंगाचे पाणी जवळपास गोडे होते, शिवाय नदीतल्या क्षारांचे परस्परप्रमाण समुद्रासारखे नसते. तिथला आकडा तसाच वहीत उतरवू नये.

भांडे त्याच पाण्याने तीनदा विसळावे. संवेदक बुडवून हलवावा. बुडबुडा अडकला की आकडा कमी येतो. तापमान स्थिरावल्यावर वाहकतेबरोबर तेही लिहावे. खोली आणि भरती-ओहोटीची वेळ हमखास नोंदवावी, कारण खारे पाणी जड असल्याने तळाशी शिरते.

एकटे गृहीतक कधीच तपासले जात नाही, सोबत उपकरणामागचा सिद्धांतही तपासला जातो, असे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ व तत्त्वज्ञ पिएर द्यूएम यांनी १९०६ मध्ये दाखवले. खाजनात, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीत, हे रोजच्या कामाचे आहे. बांधाआडच्या शेतातले पाणी अचानक खारे दाखवले, तर दोष मानशीच्या (बांधातल्या, पाणी आत-बाहेर सोडण्याच्या मोरीच्या) दारांत की मापकात? आधी संवेदक प्रमाणित द्रावणात बुडवावा. तिथे आकडा बरोबर आला, तर भरतीच्या वेळी मानशीची दारे घट्ट मिटतात का ते पाहावे.