भुट्ट्याचा कीस पाणचट का होतो?

परवा फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ आला, की स्वीटकॉर्न एवढं गोड लागतं कारण कणसाला सॅकरीनचं इंजेक्शन देतात, देशी भुट्टाच खा, मुलांना वाचवा वगैरे. त्याच आठवड्यात पुण्याहून पुतणीचा फोन, काकू तू सांगितलास तस्साच कीस केला पण तो आळतच नाहीये, कधीची हलवतेय, नुसतं गोड पाणी. विचारलं भुट्टे कुठले, तर म्हणे पाकिटातले स्वीटकॉर्नचे दाणे, मिक्सरमधून काढले. आता या दोन्ही गोष्टींचं उत्तर एकच आहे, पण फोनवर ते काही मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

इंदूरबाहेरच्यांसाठी आधी सांगते, भुट्ट्याचा कीस म्हणजे कोवळं कणीस किसणीवर किसायचं, तुपात राई-जिरं-हिंग-हिरव्या मिरचीची फोडणी, त्यात तो कीस परतायचा, मग दूध घालून मंद आचेवर आळवायचा, वरून कोथिंबीर, खोबरं, जीरावन (आमच्याकडचा चटपटीत कोरडा मसाला) आणि लिंबू. इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, मिळतो तसा आमच्या मराठी घरांतही श्रावण-भाद्रपदात आठवड्यातून एकदा तरी होतोच. चमच्यातून पडताना तो ओघळत नाही, मऊ गोळ्यासारखा पडतो. हा जो घट्टपणा आहे ना, तो दुधाचा नाही आणि तुपाचाही नाही, तो सगळा भुट्ट्याच्या चिकाचा आहे.

कुरडया केल्या असतील त्यांना चीक म्हणजे काय ते सांगायला नको. गहू भिजवून, वाटून, गाळून जे पांढरं पाणी खाली बसतं ते स्टार्च. किसताना भुट्ट्यातून जो पांढरा रस बोटांना लागतो तोही तेच, पाण्यात तरंगणारे स्टार्चचे कण, आणि ते कण प्रकाश सगळीकडे उधळतात म्हणून रस दुधासारखा दिसतो. गार असताना हे कण पाण्यात विरघळत नाहीत. पण तापमान साधारण ६२ ते ७२ अंशांवर गेलं की कणाच्या आतली घट्ट रचना सुटायला लागते, पाणी आत शिरतं, कण फुगत फुगत जातो, त्यातली लांब साखळी बाहेर पाझरते आणि सगळी कढई एकदम जड होते. हलवणाऱ्या हाताला तो क्षण बरोब्बर कळतो. दूध घालतो ते या कणांना फुगायला पाणी हवं म्हणून (आणि चवीसाठी, अर्थात). लिंबू मात्र गॅस बंद केल्यावरच, आधी पिळलं तर दूध फाटेल.

आता खरी गंमत. दाण्यात हा स्टार्च येतो कुठून? पानं उन्हात साखर बनवतात, ती देठातून कणसात येते. म्हणजे दाण्यात येते ती साखरच, आणि दाण्याला साखर साठवून चालत नाही. मनुका पाण्यात टाकल्या की टम्म फुगतात हे आपण शाळेत केलंय, आत साखर जास्त म्हणून पाणी आत ओढलं जातं. दाण्यानं सगळी साखर सुटी ठेवली तर तोही असंच पाणी ओढत बसेल. म्हणून तो काय करतो, साखरेचे हजारो रेणू एकाला एक जोडून त्याचा एक मोठा रेणू करून टाकतो. पाणी ओढण्याचा हिशोब रेणूंच्या आकारावर नसतो, संख्येवर असतो, त्यामुळे हजारो सुट्या साखरा जेवढं पाणी ओढतील त्याच्या तुलनेत एक स्टार्चचा रेणू जवळजवळ काहीच ओढत नाही. आहे की नाही सुंदर! कोठारात धान्य भरायचं पण ओल येऊ द्यायची नाही, असं काम.

हे काम एका झटक्यात होत नाही. आलेली साखर आधी फुटते, तिच्यातून ग्लुकोज-१-फॉस्फेट तयार होतं, मग एडीपी-ग्लुकोज पायरोफॉस्फोरायलेज नावाचं एक एन्झाइम (पेशीतली कामं घडवून आणणारं प्रथिन) त्याला एडीपी नावाच्या रेणूचं शेपूट जोडतं, हे शेपूट लावलेलं ग्लुकोजच पुढचं एन्झाइम साखळीत ओवू शकतं, मग फांद्या फोडणारं एन्झाइम वेगळं आणि जास्तीच्या फांद्या छाटणारं आणखी वेगळं, आणि छाटणी झाली तरच कण नीट रचला जातो. नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल, एवढंच धरा की ही साखळी आहे आणि तिची एक कडी तुटली की साखर मागे तुंबते.

स्वीटकॉर्न म्हणजे तीच तुटलेली कडी. जुन्या प्रकारच्या स्वीटकॉर्नमध्ये छाटणीवालं एन्झाइम बिघडलेलं असतं, त्यामुळे धड स्टार्च न होता पाण्यात विरघळणारा एक फांद्याफांद्यांचा पदार्थ होतो, म्हणून तो दाणा तोंडात सायीसारखा लागतो. हल्ली बाजारात मिळणाऱ्या सुपरस्वीट नावाच्या प्रकारात बिघाड त्याच्याही आधी आहे, शेपूट लावणाऱ्या एन्झाइममध्येच. त्या जीनचं नाव श्रंकन-२, म्हणजे सुरकुतलेला, कारण असा दाणा वाळला की आतलं पाणी जातं, भरायला स्टार्च फारसा नसतो आणि दाणा चिपाडासारखा आत बसतो. स्वीटकॉर्नचं बियाणं कधी हातात घेऊन बघा, पार सुरकुतलेलं असतं. इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन लॉफनन यांनी १९५३ मध्ये दाखवलं की या सुरकुतलेल्या मक्यात साखर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आहे. त्यावरून पुढे संकरित वाणं निघाली. इंजेक्शन नाही, सॅकरीन नाही, आणि जीएमही (प्रयोगशाळेत जनुकं बदललेलंही) नाही, आपल्याकडे जीएम मक्याच्या व्यावसायिक लागवडीला परवानगीच नाहीये. निसर्गात आपोआप झालेला बदल निवडून वाढवलाय, बस. आणि विचार करा ना, एका कणसावर शेकडो दाणे, प्रत्येकाला आपली वेगळी साल, कोण कुठे आणि किती ठिकाणी इंजेक्शन देत बसणार?

मेंडेलचे वाटाणे आठवतात? गोल आणि सुरकुतलेले. दहावीला सगळ्यांनी तो तक्ता पाठ केलाय पण सुरकुतलेला का, हे कुणी सांगितलं नाही. १९९० मध्ये कळलं की तिथे फांद्या फोडणाऱ्या एन्झाइमचा जीन मोडलाय, म्हणजे साखर जास्त, पाणी जास्त, वाळला की सुरकुत्या. एन्झाइम वेगळं पण गोष्ट तीच!

तर पुतणीच्या कढईत काय झालं ते आता कळलं असेल. तिच्या दाण्यांत साखर भरपूर होती, पाणी भरपूर होतं, फुगायला स्टार्चच पुरेसा नव्हता. ती रात्रभर हलवत बसली असती तरी पाणी आटलं असतं, पण कीस आळला नसता. त्यात मिक्सर. किसणीवर कणीस घासलं की गर आणि चीक खाली पडतो, दाण्याची साल बरीचशी बुरकुंडालाच राहते, मिक्सरमध्ये ती साल पण बारीक होते आणि मग घशाला लागते. स्वीटकॉर्न वाईट आहे असं मी म्हणत नाही, उकडून मीठ-लिंबू लावून मलाही आवडतं. पण किसाला देशीच. नाहीच मिळाला तर स्वीटकॉर्नमध्ये दोन चमचे मक्याचं पीठ थंड दुधात कालवून घाला, आळेल. चव तीच येणार नाही.

उलट्या बाजूचाही प्रचार चालतो, देशी भुट्ट्यात साखर नसते म्हणून डायबेटिसवाल्यांनी कितीही खावा. कृपा करून असं सांगू नका कुणाला. स्टार्च म्हणजे बांधून ठेवलेलं ग्लुकोजच, आतड्यात ते सुटतं आणि रक्तातच जातं. आणि भुट्ट्यावर पाणी प्यायलं की पोटात फुगतो ही भीतीसुद्धा सोडून द्या, भाजताना-शिजवताना त्यातला स्टार्च बराचसा आधीच फुगलेला असतो.

भुट्टा तोडल्यावर पानातून साखर येणं बंद होतं, पण दाणा जिवंतच असतो. एन्झाइम चालूच, असलेल्या साखरेचा स्टार्च करत राहतात, शिवाय श्वसनात थोडी साखर जळते. जुन्या प्रकारच्या स्वीटकॉर्नमध्ये ३० अंशांवर एका दिवसात ६० टक्क्यांपर्यंत साखर जाऊ शकते, ० अंशावर फक्त ६ टक्के. सुपरस्वीटमध्ये कडीच तुटलेली म्हणून तो लांबच्या शहरांत पाठवायला सोयीचा, दुकानदार उगाच तो ठेवत नाही. देशी भुट्ट्यात मुळातच साखर कमी, तीही ठेल्यावर उन्हात पडून पडून जाते. म्हणून पाऊस असो नसो मी सकाळी लवकर मंडीत जाते, पानांसकट भुट्टे घेते, त्याच दिवशी करायचे नसतील तर न सोलता फ्रिजमध्ये ठेवते. थंडीत मटारचं पण हेच, सकाळचा मटार गोड आणि दोन दिवसांचा पिठूळ.

निवडताना सासूबाई एक दाणा नखानं दाबायच्या. पाण्यासारखा रस आला तर म्हणायच्या अजून चार दिवस हवेत, पांढरा चीक उडाला की घे, आणि नख रुतून पीठ लागलं तर नको, निब्बर झालाय. मी शिकायला लागल्यावर कळलं की त्या स्टार्चच मोजत होत्या. हल्ली ठेलेवाला नख लावू देत नाही, दाणे खराब होतात त्याचं बरोबरच आहे, मग मी वरची पानं जराशी बाजूला करून टोकाचे दाणे बघते आणि एक भुट्टा आधी विकत घेऊन त्यालाच नख लावते. चीक पांढरा निघाला तर त्याच ढिगातले आणखी आठ.