मेगावॅट वेगळं, मेगावॅट-तास वेगळा

दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर 3 किलोवॅटचं सोलर बसलं, तेव्हा आत्याने विचारलं, "म्हणजे रोज 3 युनिट ना रे?"

नाही. किलोवॅट ही अंगातली ताकद, युनिट म्हणजे किलोवॅट-तास ही दिवसभराची कमाई. बडोद्याच्या उन्हात एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी 4 युनिट धरतात, म्हणजे आमची साधारण 12. श्रावणात आत्याच मीटर बघून म्हणते, "आज सुट्टीवर दिसतंय."

घरातली गल्लत हसण्यावारी नेता येते, कर लावताना नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सोलर प्रकल्पांवर उत्पादन-कर आहे आणि त्याच्या कायद्यात ही दोन्ही मापं येतात. प्रकल्प 1 मेगावॅटपेक्षा, म्हणजे 1,000 किलोवॅटपेक्षा, मोठा असेल तरच कर लागतो, पण आकारणी होते ती तयार झालेल्या विजेवर: दर मेगावॅट-तासाला 1.20 डॉलर. समजा, 10 मेगावॅटचा प्रकल्प आहे. वर्षाचे 8,760 तास पूर्ण जोरात चालला तर 87,600 मेगावॅट-तास होतील. पण रात्र आहे, ढग आहेत, पॅनलवरची धूळ आहे. हाती 16,000 आले तर कर 19,200 डॉलर. वर्षभर बंद राहिला तर शून्य, क्षमता मात्र तेवढीच. पवनचक्क्यांना 12 मेगावॅटच्या वर हाच दर आहे, त्याखाली कमी.

आता कुणीही हुशार माणूस 0.9 मेगावॅटचे दोन प्रकल्प शेजारी-शेजारी मांडेल. म्हणून एकाच 12 महिन्यांत उभारलेले आणि मालकी वगैरे पाहता एकाच योजनेचे दिसणारे तुकडे एकत्र मोजतात. शिवाय मेगावॅट मोजायचा तो एसी बाजूचा: पॅनल डीसी वीज देतात, इन्व्हर्टर तिची वापरायची एसी वीज करतो, त्यानंतरचा. आमच्याकडे 550 वॅटची सहा पॅनल आहेत, म्हणजे डीसी 3.3 किलोवॅट, इन्व्हर्टर 3 चा. घरी या फरकाने काही बिघडत नाही, पण 1 मेगावॅटच्या काठावरचा प्रकल्प त्यामुळे करातून सुटतो किंवा अडकतो.

आपल्याकडे गोष्टच निराळी. राज्यघटनेच्या राज्यसूचीत, म्हणजे राज्यांच्या अधिकारातल्या विषयांच्या यादीत, नोंद 53 आहे ती विजेच्या वापरावरच्या किंवा विक्रीवरच्या कराची, निर्मितीवरच्या नव्हे. ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून हेच बजावलं. आत्याच्या लाइट बिलात 'इलेक्ट्रिसिटी ड्यूटी' नावाची जी ओळ असते, ती त्या वापराची.