खोकं लहान, मागण्या मोठ्या

डेस्कटॉप संगणकाचं कॅबिनेट कसं हवं, असं दहा जणांना विचारलं तर उत्तरं फार वेगळी येत नाहीत. जागा कमी अडवावी, आवाज करू नये, आतलं सामान तापू नये, दिसायला देखणं असावं. जमलं तर एका बाजूला काच. यातली एकेक मागणी रास्तच आहे. पंचाईत अशी, की या सगळ्या मागण्या हवेच्या एकाच वाटेवर हक्क सांगतात.

हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. ग्राफिक्सच्या जड कामांसाठी बांधलेला संगणक भर कामात ५०० वॅट वीज सहज घेतो आणि त्या जवळजवळ सगळ्या विजेची उष्णता होते. ही उष्णता बाहेर नेताना हवा खोलीपेक्षा १० अंश सेल्सियसहून जास्त तापू द्यायची नाही, असं ठरवू. एक घनमीटर हवेचं वस्तुमान सुमारे १.२ किलो असतं, आणि एक किलो हवा एका अंशाने तापवायला साधारण १००० ज्यूल लागतात. गुणाकार-भागाकार केला की उत्तर येतं: सेकंदाला ४० लिटर हवा. मध्यम आकाराच्या टॉवर कॅबिनेटचं पोटच ४० ते ५० लिटरचं असतं. म्हणजे आतली सगळी हवा साधारण दर सेकंदाला बदलायला हवी! २० अंशांची वाढ चालवून घेतली तर निम्मी हवा पुरते, पण मग वाटेत शेवटी येणाऱ्या भागाला बिचाऱ्याला गरम हवेवरच भागवावं लागतं.

‘गरम हवा आपोआप वर जाते, म्हणून वर जाळी ठेवली की झालं,’ हे मत फार जणांचं असतं. जाते, पण किती जोराने? ४५ सेंटीमीटर उंचीच्या कॅबिनेटमध्ये हवा १० अंशांनी गरम असेल, तर तिला वर ढकलणारा दाब पाव पास्कलही भरत नाही. साधा १२० मिलिमीटरचा पंखा पूर्ण वेगात १० ते ३० पास्कल दाब निर्माण करू शकतो. त्याच्यापुढे गरम हवेची चढण्याची ओढ जवळजवळ नगण्यच. पंखा म्हणेल तिकडे हवा जाते, अगदी खालच्या दिशेनेसुद्धा. अ‍ॅल्युमिनियमचं कॅबिनेट थंड राहतं, हाही तसाच एक समज. बाजूच्या एका पत्र्यातून आरपार जाणारी उष्णता जेमतेम दहाएक वॅट असते, कारण अडसर धातूचा नसतो. तो पत्र्याच्या दोन्ही अंगांना चिकटून बसलेल्या हवेच्या थरांचा असतो. अ‍ॅल्युमिनियम हलकं असतं, दिसतंही सुरेख. ते घ्यायला तेवढं कारण पुरेसं आहे.

हवा फिरवायची तर पंखे हवेत, आणि पंखे म्हणजे आवाज. इथे एक नियम डिझायनरच्या बाजूने आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने घटतो, आणि ही घट कानाला चांगलीच जाणवते. म्हणून जुन्या ८० मिलिमीटरच्या पंख्यांची जागा १२० आणि १४० मिलिमीटरच्या पंख्यांनी घेतली. ८० वरून १२० वर गेलं की क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि तेवढीच हवा निम्म्याहून कमी फेऱ्यांत ढकलता येते. मात्र मोठा पंखा बसवायला पुढची बाजू मोठी लागते, आणि लहान कॅबिनेट मागणारा नेमका तिथेच अडतो.

‘आवाज नको’ असं म्हणणाऱ्याला खरं तर कसला आवाज नको असतो? कमी पट्टीतला एकसारखा सूं-सूं आवाज कान थोड्या वेळात विसरतो. त्रास होतो तो एकाच सुरात लागलेल्या गुणगुणीचा आणि सतत चढउतार करणाऱ्या पंख्याचा. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क १२० हर्ट्झची कंपनं पत्र्यात उतरवते. पत्रा पातळ असेल तर सगळं खोकंच घुमू लागतं. डिस्कच्या स्क्रूंखाली रबराच्या चकत्या घातल्या की ती घुमणी बरीचशी जाते. या चकत्यांची किंमत किरकोळ, फरक मोठा. तरीही जाहिरातीत मात्र रंगीत दिवेच झळकतात.

आवाज कोंडण्यासाठी पुढे जाड बंद दार आणि आतून फोम लावलेली कॅबिनेटं येतात. थंड राहणाऱ्या, कमी विजेच्या संगणकाला ती शोभतात. ५०० वॅटच्या संगणकाला असं दार लावलं तर हवा कडेच्या फटींतून ओढली जाते, तापमान वाढतं, पंखे जोरात फिरू लागतात आणि दाराने अडवलेला आवाज दुसऱ्या वाटेने परत येतो. अशा संगणकाला माझं मत उघड्या जाळीलाच. जाळीतही फरक असतोच: पत्र्याला दूरदूर गोल भोकं पाडली तर निम्म्याहून जास्त जागा बंदच राहते, तर मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीत बराच मोठा भाग मोकळा मिळतो. जाळीतून धूळ येणार हे उघड आहे. त्यावर उपाय म्हणजे आत हवा घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे जोरकस ठेवायचे. मग आतला दाब किंचित जास्त राहतो, फटींतून हवा बाहेरच जाते आणि आत येणारी सगळी हवा गाळणीतून येते. पण ती गाळणी स्क्रू न काढता, पुढूनच ओढून काढता आली पाहिजे. मागच्या बाजूने, खोकं आडवं करून काढावी लागणारी गाळणी कोणी धूत नाही. धुळीने बुजलेली गाळणी म्हणजे बंद दारच.

न सांगितलेल्या गरजांचा विषय इथून सुरू होतो. जपानी प्राध्यापक नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये वस्तूंच्या गुणांची वर्गवारी मांडली. त्यातला एक वर्ग असा, की तो गुण असला तर कोणी कौतुक करत नाही, नसला तर मात्र सगळे चिडतात. कॅबिनेट अशाच गुणांनी भरलेलं असतं. पत्र्याच्या कडा दुमडलेल्या हव्यात, नाहीतर बोटं कापतात. अंगठ्यासह पंजा साधारण १० सेंटीमीटर रुंद असतो; मदरबोर्डच्या, म्हणजे संगणकाचे सगळे भाग जिला जोडले जातात त्या पाटीच्या, वरच्या कोपऱ्यात तेवढी जागा नसेल, तर प्रोसेसरच्या विजेचा जोड बसवताना घाम फुटतो. मदरबोर्डच्या मागे केबलींसाठी दोनेक सेंटीमीटर तरी सोडावे लागतात. सर्वेक्षणात यातलं काहीच येत नाही. एखाद्याला सगळं सामान हातात देऊन संगणक जोडायला सांगावं आणि तो कुठे थांबतो ते बघावं. कागदावरच्या शंभर उत्तरांपेक्षा ते जास्त सांगून जातं.

काही वेळा वापरणाऱ्यांनीच आराखडा हातात घेतला. एनकेस एम१ हे सुमारे साडेबारा लिटरचं कॅबिनेट हौशी मंडळींच्या ऑनलाइन चर्चांतून घडलं. एकेक मिलिमीटरवर वाद झाले, २०१३ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे राहिले आणि लिआन ली या तैवानच्या कंपनीने ते बनवलं. इतक्या लहान खोक्यात ५०० वॅट कोंबले, तर सेकंदाला ४० लिटरच्या हिशोबाने आतली हवा तीनदा बदलावी लागेल. ती मंडळी हे जाणून होती. त्यांनी लहान आकार मागितला आणि त्याची किंमत काय, तेही ठरवलं. साध्या सर्वेक्षणात हा दुसरा भाग निसटतो.

डिझायनरच्या हातात नसलेली एक गोष्टही आहे. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मानकात मदरबोर्डचं माप ३०५ बाय २४४ मिलिमीटर आणि स्क्रूंच्या जागा ठरल्या. त्या आजही तशाच आहेत. पुढे पेंटियम ४ चे काही प्रोसेसर ११५ वॅट उष्णता ओकू लागले, तेव्हा इंटेलने बीटीएक्स ही नवी मांडणी आणली. तिच्यात प्रोसेसर थेट पुढच्या पंख्याच्या झोतात बसे. हवेच्या दृष्टीने ती सरस होती. पण तिच्यासाठी मदरबोर्ड आणि कॅबिनेट दोन्ही नवे घ्यावे लागत, आणि २००६ पर्यंत ६५ वॅटचे प्रोसेसर आले. त्याच वर्षी इंटेलने बीटीएक्स सोडून दिलं. जुनं सामान नव्या खोक्यात बसलंच पाहिजे, ही मागणी कोणी तोंडाने करत नाही, इतकी ती गृहीत धरलेली असते.

सध्या उष्णतेचा मोठा वाटा पडद्यावरची चित्रं तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाकडे गेला आहे. एकटं कार्ड ४५० वॅट घेऊ शकतं, ३० सेंटीमीटरहून लांब असतं आणि वजनाने वाकतं. त्याच्या १२ व्होल्टच्या नव्या जोडातून ६०० वॅटपर्यंत वीज जाते, म्हणजे ५० अँपिअर प्रवाह सहा बारीक पिनांमध्ये वाटलेला. २०२२ च्या अखेरीस असे काही जोड वितळल्याच्या तक्रारी आल्या. नीट आत न बसलेला जोड हे त्याचं एक मोठं कारण ठरलं. त्यानंतर जोडापासून ३५ मिलिमीटरपर्यंत केबल वाकवू नये, असा सल्ला दिला जाऊ लागला. कार्डाच्या कडेपासून काचेपर्यंत एवढी मोकळी जागा सोडायची, तर अरुंद कॅबिनेटला थोडं रुंद व्हावंच लागतं.