शिक्षा (शब्द)

शिक्षा हा संस्कृतातून आलेला तत्सम शब्द. मराठीत त्याचा अर्थ दंड किंवा सजा, हिंदीत शिक्षण, आणि ‘सिक्खा’ या पाली रूपात साधना, म्हणजे आचरणाचा सराव. नागपुरात हे तिन्ही अर्थ रोज कानावर पडतात, त्यामुळे या शब्दाचा अभ्यास करायला याहून चांगलं शहर सापडणं कठीण.

बर्डीवरच्या, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या, पेपरच्या ठेल्यावर मराठी आणि हिंदी पेपर शेजारीशेजारी पडलेले असतात. हिंदी पेपरात ‘शिक्षा’ दिसली की बातमी शाळा-कॉलेजच्या प्रवेशाची, मराठीत दिसली की कोर्टाची. 1956 पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला ते द्विभाषिक मुंबई राज्यात आलं, तरी शहराची बोली दोन्ही भाषांत वाढत राहिली. इथल्या मराठी शाळेत बाई ‘शिक्षा करीन’ म्हणाल्या, तर घरी हिंदी बोलणाऱ्या नव्या पोराला त्यात भिण्यासारखं काय आहे ते आधी कळतच नाही. उलटी गंमत 2001 सालच्या ‘सर्व शिक्षा अभियाना’त झाली. नाव हिंदी वळणाचं, तेच मराठी शाळांच्या भिंतींवर रंगवलं गेलं, आणि वाचणाऱ्याला वाटावं की सरकार सगळ्यांनाच शिक्षा द्यायला निघालं आहे.

मुळात धातू ‘शक्’, म्हणजे समर्थ असणे. त्याचं इच्छार्थक रूप ‘शिक्ष्’: समर्थ होऊ पाहणे. शिकणं म्हणजे जमावं अशी इच्छा धरणं, हा अर्थ मला फार सुंदर वाटतो. वेदांगांमध्ये, म्हणजे वेदांच्या अभ्यासाला पूरक असलेल्या शास्त्रांमध्ये, शिक्षा हे उच्चारशास्त्राचं नाव. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत वर्ण, स्वर, मात्रा, बल अशी त्याची अंगं मोजली आहेत.

मराठीत शिक्षक, शिक्षण, शिक्षित, प्रशिक्षण ही सगळी भावंडं शिकण्याकडेच राहिली. एकटी ‘शिक्षा’ दंडाकडे गेली. म्हणून ‘शिक्षित’ माणूस शिकलेला असतो आणि ‘शिक्षापात्र’ माणूस गुन्हेगार. याला मराठीची चूक म्हणणं मला पटत नाही. ‘थांब, तुला चांगला धडा शिकवतो’ या धमकीत शिकवणं आणि मार देणं एकच होतं, आणि हिंदीतही ‘सबक सिखाना’ आहेच. ‘शास्’ धातूचीही हीच वाट. बुद्धवंदनेतला ‘सत्था’, संस्कृत शास्ता, म्हणजे देवमनुष्यांचा गुरू. मालमत्ता कर थकला की बिलात चढते ती शास्तीही त्याच धातूची.

बंगाली, ओडिया, असमिया आणि नेपाळीत शिक्षा म्हणजे शिक्षणच. कन्नड, तेलुगू, मल्याळममध्ये मात्र मराठीसारखाच दंड. या एका शब्दापुरती मराठी दक्षिणेच्या पंगतीत बसते. समुद्रापलीकडे इंडोनेशियन भाषेत ‘सिक्सा’ म्हणजे यातना, छळ. थाई भाषेत त्याच संस्कृत शब्दापासून आलेला ‘सुक्सा’ म्हणजे अभ्यास.

पाली सिक्खेचं नागपुरातलं स्थान वेगळंच आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवशीचं पंचशील आज इथल्या विहारांत पोरंही तोंडपाठ म्हणतात. पहिलं शील ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि’: प्राण्यांच्या हिंसेपासून दूर राहण्याचं शिक्षापद मी स्वीकारतो. सिक्खापद म्हणजे सरावाचा नियम. ‘समादियामि’ हे क्रियापद प्रथमपुरुषी आहे. नियम घालणारा आणि पाळणारा माणूस एकच. हात जोडून बसलेलं पोर पाच शिलांत पाच वेळा हा शब्द उच्चारतं, आणि तासाभराने शाळेत गृहपाठ राहिला म्हणून तोच शब्द बाईंच्या तोंडून ऐकतं.