देऊळ ओळखीचं वाटलं तरी आधी हे वाचा
(थायलंड, कंबोडिया, बाली आणि श्रीलंकेच्या सहलींना येणाऱ्या ग्राहकांसाठी)

नमस्कार. तुमचं बुकिंग झालं आहे, कागदपत्रं आमच्याकडे पोहोचली आहेत, तिकिटांचं आम्ही बघतो आहोत. या पत्रकात फक्त देवळांबद्दल लिहिलं आहे. चहा घेता घेता वाचा, आणि घरातल्या बरोबर येणाऱ्या सगळ्यांना वाचायला द्या.

युरोपात चर्चमध्ये शिरताना आपली मंडळी आपोआप आवाज खाली आणतात, कारण तिथलं काही ठाऊक नसतं. पूर्वेकडे नेमकं उलटं होतं. बँकॉकच्या विमानतळावरच समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प स्वागताला उभं असतं. पुढे चौकात चतुर्मुख ब्रह्मदेव, अंगकोरच्या भिंतीवर शरपंजरी भीष्म, बालीत दारोदारी गणपती. ‘हे तर आपलंच!’ म्हणत माणूस सैलावतो, आणि मग कुणी मूर्तीच्या पायाला हात लावतं, कुणी भिक्षूंच्या पाया पडायला वाकतं. मनात श्रद्धाच असते, पण समोरचा दचकतो. देव ओळखीचे असले तरी घर त्यांचं आहे, हे एवढं धरून चाला.

कपड्यांचं

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. चारही देशांत हा नियम चालतो आणि पुरुषांनाही लागू आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण दारावर अडवले जातात ते बहुतेक वेळा बर्म्युडा घातलेले काकाच. साडी, सलवार-कमीज, झब्बा-लेंगा, पूर्ण लांबीची पँट, काहीही चालतं. फाटक्या फॅशनची जीन्स, बिनबाह्यांचे टॉप आणि नुसत्या लेगिंग्ज बँकॉकच्या राजवाड्यात चालत नाहीत. बॅगेत एक मोठी सुती ओढणी किंवा उपरणं ठेवा. खांद्यावर घेता येतं, कमरेला गुंडाळता येतं, बसमधल्या एसीत पांघरताही येतं.

चपला पायातून झटकन निघतील अशा हव्यात. दुपारी बाराला संगमरवरी फरशी तव्यासारखी तापते, म्हणून जुन्या मोज्यांचा एक जोड जवळ असू द्या.

थायलंड

बँकॉकच्या राजवाड्याच्या आवारात वाट फ्रा केओ (‘वाट’ म्हणजे देऊळ) हे पाचूच्या बुद्धाचं मंदिर आहे. पहिल्या राम राजाने १७८२ साली बँकॉकला राजधानी हलवली, तेव्हाची ही वास्तू. मूर्ती जेमतेम दोन फुटांची आणि उंच सिंहासनावर असल्याने पहिल्या नजरेत भरत नाही. नाव पाचूचं असलं तरी ती जेडसारख्या हिरव्या दगडात कोरलेली आहे. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी अशा तीन ऋतूंना तिचा सोन्याचा पोशाख बदलतात, आणि तो मान खुद्द राजाचा असतो. आत फोटो काढायला बंदी आहे. फोन हातात दिसला तरी रखवालदार खुणावतो.

आत शिरताना उंबऱ्यावर पाय देऊ नका, ओलांडून जा. आत गेल्यावर खाली बसायचं ते पाय मागे दुमडून, तळवे मूर्तीकडे येणार नाहीत असं. पाय पसरून भिंतीला टेकणं तिथे फार उद्धटपणाचं समजतात. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी मागच्या बाजूला शांत उभं राहावं, कुणी काही म्हणत नाही.

याच आवारात देवळाभोवतीच्या ओवरीत सगळं रामायण रंगवलेलं आहे. थाई लोक त्याला रामाकियन म्हणतात, आणि त्याचे १७८ चित्रफलक आहेत. बहुतेक गट इथून धावत जातात. आमचं म्हणणं, राजवाड्याच्या दर्शनी भागाचे फोटो दोन कमी काढा, पण इथे अर्धा तास थांबा. पांढरा हनुमान कुठे कुठे सापडतो ते मुलांना शोधायला सांगा. तिकडचा हनुमान ब्रह्मचारी नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. कथा त्यांची आहे, तिथे वाद घालायला जाऊ नका.

वाट फोमधला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या कामात १०८ शुभचिन्हं जडवली आहेत. मागच्या बाजूने ओळीने कांस्याची १०८ भांडी मांडली आहेत, त्यांत एकेक नाणं टाकत पुढे जायचं. तो खणखणाट मुलांना फार आवडतो. सुटी नाणी तिथेच मिळतात.

भिक्षूंबद्दल मात्र नीट लक्षात घ्या. स्त्रीने भिक्षूला स्पर्श करायचा नसतो. चुकून धक्का लागू नये म्हणून बसमध्ये, बोटीत शेजारची जागाही टाळायची. आपल्याकडे साधुसंत दिसले की पायावर डोकं ठेवायची सवय हाडीमाशी खिळलेली, ती इथे आवरा. दोन पावलं लांबून हात जोडा. काही द्यायचं असेल तर बाईने थेट हातात न देता पुरुषाकरवी द्यावं किंवा भिक्षू समोर कापड अंथरतील त्यावर ठेवावं. अन्नदान सकाळीच करायचं, कारण माध्यान्हीनंतर भिक्षू जेवत नाहीत.

आणखी एक, खास आजी-आजोबांसाठी. गोड पोर दिसलं की त्याच्या डोक्यावरून हात फिरवू नका. आपल्याकडे तो आशीर्वाद, पण थाई समजुतीत डोकं हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग आहे आणि परक्याने त्याला हात लावायचा नसतो. गोड हसलात तरी पुरे.

एरावन चौकातला ब्रह्मदेव १९५६ साली तिथे हॉटेल बांधताना विघ्नं टळावीत म्हणून बसवला. आता सगळं बँकॉक त्याला नवस बोलतं. झेंडूच्या माळा, लाकडी हत्ती, आणि नवस फेडायला पैसे देऊन करवलेलं पारंपरिक नृत्य. चारही मुखांना ओळीने हात जोडत प्रदक्षिणा घालायची. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तेव्हा हे दर्शन चुकवू नका.

पैशांचं सावधपण: राजवाड्याबाहेर कुणी नीटनेटका माणूस ‘आज देऊळ बंद आहे, सणाचा दिवस आहे, मी दुसरी देवळं दाखवतो’ म्हणाला तर सरळ पुढे चालू लागा. त्याची टुकटुक (तिकडची रिक्षा) शेवटी जवाहिऱ्याच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात जाऊन थांबते. उघडं आहे की बंद ते फाटकावर जाऊन बघायचं. आणि बुद्धमूर्ती विकत घेताना आधी आमच्या माणसाला विचारा. गळ्यात घालायचे छोटे ताईत सोडले तर बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला तिथल्या ललित कला खात्याचा परवाना लागतो.

कंबोडिया: अंगकोर

अंगकोर वाट बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने विष्णूसाठी बांधलं आणि पुढे ते बौद्ध झालं. आजही तिथे पूजा चालते. पश्चिमेच्या प्रवेशद्वारात उजवीकडे वळलात की पुरुषभर उंचीहून मोठी अष्टभुजा विष्णुमूर्ती दिसेल. अंगावर रेशमी वस्त्र, पुढ्यात उदबत्त्या आणि फळं. स्थानिक लोक तिला ता रीच म्हणतात आणि अगदी मनापासून नमस्कार करतात. तिथे उभं राहून मोठ्याने ‘मूर्ती कुठल्या शतकातली?’ ही चर्चा नको.

आतल्या ओवऱ्यांतली शिल्पं बघायची दिशा आपल्या प्रदक्षिणेच्या उलटी आहे. पश्चिमेकडून शिरून उजवीकडे वळायचं, देऊळ डाव्या हाताला ठेवून चालायचं. सुरुवातीलाच कुरुक्षेत्र लागतं, बाणांवर आडवे झालेले भीष्म शोधा. पूर्वेच्या बाजूला सुमारे ४९ मीटर लांबीचं समुद्रमंथन आहे. एकीकडे ९२ असुर, दुसरीकडे ८८ देव, मधे विष्णू आणि खाली कूर्म. उलट दिशेमुळे हे राजाचं मृत्युस्मारक असावं असं बरेच अभ्यासक मानतात. तुम्ही कुठूनही फिरलात तरी चालेल, पण कथा क्रमाने हवी असेल तर ही वाट धरा.

दगडाला हात लावू नका, हे आम्ही परत परत सांगणार आहोत. अप्सरांच्या शिल्पांवर काही ठिकाणी काळी, तेलकट चकाकी दिसेल. ती लाखो हातांनी आणलेली आहे. वालुकाश्म मऊ असतो, घामाने आणि घासण्याने झिजतो. पिंडी दिसली तरी पाणी, कुंकू, फूल काही वाहू नका, आणि घरून नारळ आणू नका. १९८६ ते १९९३ या काळात आपल्या पुरातत्त्व खात्यानेही या मंदिराच्या डागडुजीला हात लावला आहे. तेवढाच हात पुरे.

सर्वांत वरचा मजला म्हणजे बाकान. तिथे जिना उभा आहे, गर्दी झाली की रांग लागते, आणि खांदे-गुडघे उघडे असतील तर परत पाठवतात. ओढणी गुंडाळलेलीही नेहमी चालतेच असं नाही, म्हणून त्या दिवशी पूर्ण कपडेच घाला. १२ वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत. महिन्यातल्या बौद्ध उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशी हा मजला बंद असतो.

प्रवेशपासवर तुमचा फोटो असतो, तो दुसऱ्याला देता येत नाही. एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२ डॉलर. तीन दिवसांचाच घ्या असा आमचा आग्रह आहे. एका दिवसात अंगकोर पाहणारे संध्याकाळी फक्त पाय दुखल्याचं सांगतात.

बाली

बालीचे लोक हिंदू आहेत, म्हणून इथे तरी सगळं आपल्यासारखं असेल असं वाटतं. देवळात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘मूर्ती कुठाय?’ मोकळं अंगण, काळ्या छपरांचे उंच मेरू (एकावर एक छपरं असलेले मनोरे), आणि एका उंच दगडी चौथऱ्यावर रिकामं आसन. त्याला पद्मासन म्हणतात. निराकार परमेश्वर तिथे येऊन बसतो अशी श्रद्धा, म्हणून ते रिकामं. त्यावर कुणी चढू नये, पिशवी टेकवू नये.

आत जाताना सारोंग (लुंगीसारखं वस्त्र) आणि कमरेला शेला बांधावा लागतो. बहुतेक ठिकाणी दारावर मिळतो. सर्वांत आतलं अंगण पूजा करणाऱ्यांसाठी राखलेलं असतं. आपण हिंदू आहोत हे खरं, पण सोहळ्याचा पोशाख आणि बोलावणं नसताना आत घुसायचं नाही. पाळी चालू असलेल्या स्त्रियांनी आणि सुतक असलेल्यांनी आत येऊ नये अशा पाट्या दारावर असतात. कुणी विचारत नाही, तपासत नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा. पाटी असते हे आधी सांगणं आमचं काम.

फुटपाथवर, दुकानाच्या पायरीवर, स्कूटरच्या सीटवरसुद्धा नारळाच्या पात्यांची चिमुकली द्रोणासारखी तबकं दिसतील. त्यांत फुलं, चिमूटभर भात, कधी बिस्किट, वर धुपाची काडी. हे चनांग सारी, रोजचा नैवेद्य. खाली बघत चाला, ओलांडून जा, पाय देऊ नका.

तीर्थ एम्पुल मंदिराच्या कुंडात स्नान करणार असाल तर तिथला ओलेत्याचा सारोंग भाड्याने घ्यावा लागतो. ओळीने तोट्यांखाली डोकं धरत जायचं, पण दोन तोट्या मृतांच्या विधींसाठी राखलेल्या आहेत, त्या वगळायच्या. पुढचा माणूस काय करतो ते बघा. उलुवातूच्या देवळात माकडं चष्मे पळवतात आणि फळ मिळाल्याशिवाय सोडत नाहीत. चष्म्याला दोरी बांधा, फोन आत ठेवा.

मार्चमधल्या गटांनी न्येपी हा दिवस तपासलाच पाहिजे. बालीचं शक नववर्ष, आपल्या शालिवाहन शकाचंच भावंड. २०२३ आणि २०२६ मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी आले. आपण गुढी उभारतो, ढोल वाजवतो. ते चोवीस तास बेट बंद ठेवतात. विमानतळ बंद, रस्ते ओस, दिवे मालवलेले. हॉटेलबाहेर पाऊल टाकता येत नाही. आम्ही त्या दिवसाला धरूनच कार्यक्रम आखतो, त्यामुळे ‘एक दिवस फुकट गेला’ अशी तक्रार नको. आदल्या संध्याकाळी निघणाऱ्या राक्षसांच्या अवाढव्य पुतळ्यांच्या मिरवणुका पाहा, आणि दुसऱ्या रात्री अंधारात गच्चीवरून तारे.

श्रीलंका

कँडीच्या दलदा मालिगावा मंदिरात बुद्धाचा दंतधातू, म्हणजे दाताचा अवशेष, आहे. स्थानिक लोक पांढऱ्या कपड्यांत येतात, तुम्हीही पांढरं घातलंत तर उत्तम. आमच्याबरोबर येणाऱ्या बौद्ध कुटुंबांना हे सांगावं लागत नाही. त्रिसरण आणि पंचशीलाचे पाली शब्द तेच, फक्त चाल वेगळी. १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब आंबेडकर याच बेटावर आले होते.

फोटोची बाब इथे गंभीर आहे. बुद्धाकडे पाठ करून सेल्फी काढायचा नाही. २०१२ मध्ये मूर्तीचं चुंबन घेतानाचे फोटो काढणाऱ्या फ्रेंच पर्यटकांना न्यायालयाने स्थगित कैदेची शिक्षा दिली. २०१४ मध्ये एका ब्रिटिश बाईला दंडावर गोंदलेल्या बुद्धामुळे परत पाठवलं. आपल्याकडे कितीतरी तरुण हातावर बुद्ध श्रद्धेने गोंदवून घेतात, पण तिथला अधिकारी श्रद्धा तपासत नाही. तसा टॅटू असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, आणि जाण्याआधी आम्हाला सांगा.

पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सार्वजनिक सुट्टी असते आणि दारूविक्री बंद. जाफन्याच्या नल्लूर कंदस्वामी मंदिरात मात्र पुरुषांनी शर्ट काढून जायचं असतं. नुवारा एलियाजवळचं सीता मंदिर छोटं आहे. तिथे भव्य काही असेल अशी अपेक्षा नको. मागचा ओढा बघा.

निघण्याआधी आम्हाला कळवा

गुडघ्यांचा किंवा जिने चढण्याचा त्रास, दिसेल अशा जागी देवाचा टॅटू, आणि कुठल्या मंदिरात काही विशेष विधी करायचा असेल तर तोही. देवळाच्या वेळा पाहून मग गाडीची वेळ बदलावी लागते. बाकी शंका सहलीआधीच्या मीटिंगला विचारा. विमानतळावर विचारू नका, तिथे आम्ही पासपोर्ट मोजत असतो.