वेळेचा सदुपयोग (ख्रिस्ती संकल्पना)

माणसाला मिळालेले आयुष्य हे त्याच्या मालकीचे नसून देवाने सांभाळायला दिलेली ठेव आहे आणि तिचा हिशेब द्यायचा आहे, या विश्वासातून आलेली ख्रिस्ती शिकवण. उपदेशांत तिच्यासाठी 'कारभारीपण' हा शब्द येतो. पैशाचा दशांश जसा देवाचा, तसे दिवसही देवाचे. सोलापुरात ही शिकवण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मराठी मिशनबरोबर पोचली.

तिचा मुख्य आधार बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या दोन पत्रांत आहे : इफिस ५:१६ आणि कलस्सै ४:५. तिथले ग्रीक क्रियापद बाजारातले आहे, 'दाम मोजून सोडवून घेणे' अशा अर्थाचे. वेळेसाठी वापरलेला 'कैरोस' हा शब्दही घड्याळातल्या तासांचा नाही. हाती आलेली घडी, योग्य मोका, असा त्याचा अर्थ. मराठीत 'सदुपयोग' म्हटले की शाळेच्या फळ्यावरचा सुविचार आठवतो, पण पौलाच्या मनातले 'संधी साधणे' त्याहून निराळे आहे. मिनिट न् मिनिट भरून काढण्याची सक्ती त्यात नाही. ती नंतरच्यांनी आणली. सहाव्या शतकात बेनेडिक्ट या ख्रिस्ती संन्याशाने मठवासीयांसाठी प्रार्थना, वाचन आणि अंगमेहनत यांच्या वेळा बांधून दिल्या. अठराव्या शतकात मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने इफिस ५:१६ याच वचनावर अख्खे प्रवचन केले ते झोप कमी करण्यावर. वैशाखात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी आडवे होणाऱ्याला वेस्लीचे म्हणणे कितपत पटेल, शंकाच आहे.

या शहराला वेळेची शिस्त चर्चच्या घंटेपेक्षा गिरणीच्या भोंग्याने लावली. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी मिल आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या यांच्या भोंग्यांवर घरोघर चुली पेटत. गिरण्या बंद पडल्या. यंत्रमाग आणि विडी राहिली. दोन्हीकडे कामावर मजुरी. विडीचा दर हजारावर ठरतो. मागावर धोट्यातली कांडी संपली की ती बदलेपर्यंत माग उभा राहतो आणि त्या वेळाचे कोणी काही देत नाही. अशा घरातल्या माणसाला 'वेळ वाया घालवू नका' हे सांगायला पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, गरज नसते.

म्हणूनच मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या २० व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला (येशूने सांगितलेली बोधकथा) इथे जरा टोचतो. मालक पहाटेपासून मजूर बोलावतो, शेवटचे येतात ते 'अकराव्या तासाला', म्हणजे दिवस मावळायला तासभर उरला असताना. आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार मिळतो. दिवसभर उन्हात राबलेल्यांची कुरकूर मागावरच्या कामगाराला लगेच कळते. 'ठरलेले तुला दिले, माझ्या पैशाचे मी हवे ते करीन' हे मालकाचे उत्तर त्याला कळायला वेळ लागतो. हिशेब मागणाऱ्या २५ व्या अध्यायातल्या रुपयांच्या दाखल्याशेजारी (धनी दासांकडे पैसे सोपवून जातो आणि परत आल्यावर हिशेब घेतो) हा दाखला ठेवूनच शिकवायला हवा. एकट्या हिशेबाचा उपदेश मुकादमाच्या बोलण्यासारखा वाटू लागतो.

विश्रांती हाही याच शिकवणीचा भाग. शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाची, आज्ञा (बायबलमधले निर्गम हे पुस्तक, अध्याय २०) घरधन्यापुरती नाही. दास, दासी, गुरे आणि दारी राहिलेला परका यांनाही ती सुट्टी देते. बायबलमधल्याच 'अनुवाद' या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात कारणही दिले आहे : तुम्ही मिसर देशात गुलाम होता, हे विसरू नका. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती मात्र मिशनऱ्यांनी नव्हे, तर सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने. मुंबईच्या गिरणीमालकांनी ती १८९० मध्ये मान्य केली आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याच्या सुट्टीला आधार दिला.

तो रविवार पुढे चर्चच्या मंडळीच्या कार्यक्रमांनी भरला. सकाळी संडे स्कूल आणि उपासना, नंतर कमिटीची बैठक, महिला मंडळ, तरुण संघ, संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थना. यात बायकांना विश्रांती कधी, हे कोणी विचारत नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या (अध्याय १०) दोन बहिणींपैकी मार्था स्वयंपाकात गुंतलेली आणि मरीया येशूच्या पायाशी बसलेली. उपदेशात मरीयेची वाखाणणी होते, आणि उपासना सुटल्यावर पाळकसाहेब मार्थेच्याच हातची भाकरी, मटणाचा रस्सा आणि शेंगाचटणी जेवायला बसतात. भाकरी थापणारी ती वाखाणणी चर्चमध्ये नुकतीच ऐकून आलेली असते.

घरची कुटुंबप्रार्थना मात्र अजून टिकून आहे, दहा-पंधरा मिनिटांची. एक गीत, शास्त्राचा एक उतारा, मग प्रार्थना. टीव्हीचा आवाज तेवढा वेळ बंद. पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या सोयीने ती पहाटे होते किंवा रात्री उशिरा. उद्याचे बोलताना जुनी माणसे 'प्रभूने दिवस दिला तर' असे आधी जोडतात, ते याकोबाच्या पत्रातून (४:१५) आलेले.

या साऱ्याचा वार्षिक टप्पा म्हणजे ३१ डिसेंबरची रात्रीची उपासना. स्तोत्र ९० वाचले जाते : आयुष्य सत्तर वर्षे, बळ असले तर ऐंशी, आमचे दिवस गणायला आम्हाला शिकव. कोणी उठून वर्षभराची साक्ष देते, आजारपण, मुलीचे लग्न, सुटलेली नोकरी. बारा वाजताना सगळे प्रार्थनेत असतात. मग हात मिळवणे, चहा, केक. लहान मुले बाकांवरच झोपलेली असतात, आणि पहिल्या पाळीचे कामगार चहा संपवून सायकली काढतात.